जमिनीखालचे हैदराबाद घडवणारे सर विश्वेश्वरय्या



गेल्या वर्षी सामान्यज्ञानाच्या तासाला आम्ही मुलांना एक साधा प्रश्न विचारला होता. उस्मान सागर कोणी बांधला? वर्गातून एका सुरात उत्तर आले, निजामाने. उत्तर चूक म्हणता येणार नाही. तलाव निजाम सरकारच्या खर्चाने बांधला गेला आणि त्याला नावही सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांचेच आहे. परंतु तलाव कोठे बांधावा, किती मोठा असावा आणि मुळात का बांधावा, हे कोणी ठरवले, असे विचारल्यावर वर्ग गप्प झाला. एकदोन पालकांना विचारले, त्यांनाही सांगता आले नाही. म्हणून आमच्या चरित्रमालेत या वेळी आम्ही सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांची ओळख करून देत आहोत. त्यांचे नाव सर्वांनी ऐकलेले असते. १५ सप्टेंबर हा त्यांचा जन्मदिवस देशभर अभियंता दिन म्हणून साजरा होतो. पण आपल्या बेगम बाजारच्या घराघरांत येणारे पाणी आणि घराघरांतून बाहेर जाणारे सांडपाणी यांच्याशी त्यांचा संबंध आहे, हे फार थोड्यांना माहीत असते.

बालपण आणि पुण्यातील शिक्षण

विश्वेश्वरय्यांचा जन्म १५ सप्टेंबर १८६१ रोजी म्हैसूर संस्थानातील मुद्देनहळ्ळी या लहानशा खेड्यात झाला. मोक्षगुंडम हे त्यांच्या पूर्वजांचे गाव, ते आजच्या आंध्र प्रदेशात आहे. वडील श्रीनिवास शास्त्री संस्कृतचे जाणकार होते, पण घरची परिस्थिती बेताची होती. विश्वेश्वरय्या शाळेत असतानाच वडिलांचे छत्र हरपले. पुढे बंगळूरला शिकताना त्यांनी मुलांच्या शिकवण्या करून आपला खर्च भागवला आणि १८८१ मध्ये ते बी.ए. झाले.

त्यानंतर म्हैसूर सरकारची शिष्यवृत्ती मिळवून ते पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये दाखल झाले. हेच कॉलेज आज सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठ म्हणून ओळखले जाते. १८८३ मध्ये अभियांत्रिकीच्या परीक्षेत ते मुंबई इलाख्यात पहिले आले आणि १८८४ मध्ये इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात साहाय्यक अभियंता म्हणून नाशिकला रुजू झाले. पुढची चोवीस वर्षे त्यांनी याच खात्यात काढली. मातृभूमी म्हैसूर असली तरी त्यांची उमेदीची वर्षे मराठी मुलखात गेली. पुण्यात न्यायमूर्ती रानडे आणि नामदार गोखले यांच्यासारख्यांचा सहवास त्यांना लाभला.

धुळे भागात पांजरेच्या खोऱ्यात ओढ्यापलीकडे पाणी नेणारी वक्रनलिका बसवण्याचे काम त्यांनी अगदी सुरुवातीच्या काळात, तेही पावसाळ्यात, पार पाडले. सिंधमधील सक्कर शहराचा पाणीप्रश्न तर मोठा चमत्कारिक होता. सिंधू नदी शेजारून वाहत होती, पण तिचे पाणी गढूळ. गाळण्याची मोठी यंत्रणा उभारायला नगरपालिकेकडे पैसा नव्हता. विश्वेश्वरय्यांनी नदीच्या पात्रातच विहीर खणण्याची युक्ती काढली. वाळूतून झिरपून विहिरीत येणारे पाणी आपोआप स्वच्छ होई आणि तेच पंपाने वर चढवून शहराला दिले जाई. नदीची वाळू हीच गाळणी झाली.

पुण्याजवळच्या खडकवासला धरणावर १९०३ मध्ये त्यांनी स्वयंचलित दरवाजे बसवले. धरणाची भिंत न वाढवता पाण्याची पातळी सुमारे आठ फूट वाढवायची होती. पाणी ठराविक पातळीच्या वर गेले की हे दरवाजे आपोआप उघडत आणि पाणी उतरले की आपोआप बंद होत. या शोधाचे पेटंट त्यांच्या नावे होते. अशी कामे करता करता त्यांचे नाव दूरवर गेले. एडन बंदराच्या पाणीपुरवठ्याचा आणि सांडपाण्याचा प्रश्न सोडवण्यासाठी १९०६ मध्ये सरकारने त्यांनाच पाठवले.

इतके करूनही त्या काळी इलाख्याच्या मुख्य अभियंत्याची जागा भारतीय माणसाला मिळण्याची आशा नव्हती. १९०८ मध्ये त्यांनी स्वेच्छेने निवृत्ती घेतली आणि ते परदेशच्या अभ्यासदौऱ्यावर निघाले. याच सुमारास आपल्या शहरावर मोठे संकट कोसळले.

१९०८ चा पूर

२८ सप्टेंबर १९०८. मुसी नदीला असा पूर आला की तसा जुन्याजाणत्यांनीही कधी पाहिला नव्हता. शमशाबाद येथे ४८ तासांत सुमारे १९ इंच पाऊस पडल्याची नोंद आहे. अफझलगंज, चादरघाट आणि मुस्लिम जंग हे तिन्ही पूल पुराने मोडले. अफझलगंजचे इस्पितळ वाहून गेले. कोलसावाडीसारख्या नदीकाठच्या वस्त्या पाहता पाहता नाहीशा झाल्या. सुमारे पंधरा हजार माणसे दगावली असा अंदाज सांगितला जातो. आज उस्मानिया इस्पितळाच्या आवारात जे जुने चिंचेचे झाड आहे, त्याच्या फांद्यांवर चढून दीडशेच्या आसपास लोक वाचले, असे हैदराबादेत पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. आपल्या बेगम बाजारातून हे झाड पायी जाण्याच्या अंतरावर आहे. आपल्यापैकी कितीजणांनी ते पाहिले आहे?

सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी निराधारांसाठी राजवाड्याची दारे उघडली, अन्नछत्रे चालवली. पण पुढच्या पावसाळ्यात हेच पुन्हा झाले तर काय, हा प्रश्न होताच. निजाम सरकारने परदेशात असलेल्या विश्वेश्वरय्यांना बोलावून घेतले. एप्रिल १९०९ मध्ये ते हैदराबादेत दाखल झाले.

पुराचा हिशेब

असे संकट आले की देवाचा कोप म्हणून हात जोडणारे असतात आणि नदीकाठी उंच भिंत बांधा म्हणणारेही असतात. विश्वेश्वरय्यांनी आधी हिशेब मांडला. कोठे किती पाऊस पडला, तो किती वेळात वाहत आला, नदीत किती पाणी मावते, हे सारे त्यांनी आकड्यांत आणले. त्यात एक महत्त्वाची गोष्ट उघडकीला आली. शहराच्या वरच्या अंगाला मुसी आणि तिला मिळणारी ईसी यांच्या पाणलोटात ७८८ लहानमोठे तलाव होते. त्यांतले २२१ तलाव या पावसात फुटले होते. एक तलाव फुटला की त्याचा लोंढा खालच्या तलावावर येई, तोही फुटे, आणि असे साठत साठत सगळे पाणी शहरावर चालून आले. पाऊस तर अफाट होताच, पण त्या पावसात बंधारे टिकले नाहीत म्हणून संकट कितीतरी वाढले.

यावरून त्यांनी उपाय सुचवला. शहरातून वाहणाऱ्या नदीला नुसत्या भिंती घालून भागणार नाही. शहराच्या वर, मुसीवर एक आणि ईसीवर एक असे दोन मोठे जलाशय बांधावेत. त्यांत पुरासाठी जागा राखून ठेवावी. लोंढा आला की तो तेथे थांबेल आणि मग नदीला झेपेल इतकेच पाणी हळूहळू खाली सोडता येईल. शिवाय तेच पाणी शहराला वर्षभर पिण्यासाठी मिळेल. शहरात नदीचे काठ उंच करावेत आणि तेथे बागा व रस्ते करावेत, असेही त्यांनी सुचवले. १ ऑक्टोबर १९०९ रोजी त्यांनी आपला अहवाल सादर केला.

पुढे मुसीवरचा उस्मान सागर १९२० मध्ये आणि ईसीवरचा हिमायत सागर १९२७ मध्ये पूर्ण झाला. एकाला निजामांचे नाव मिळाले, दुसऱ्याला त्यांच्या थोरल्या राजपुत्राचे. ही कामे प्रत्यक्ष उभी करण्यात हैदराबादचेच अभियंते नवाब अली नवाज जंग यांच्यासारख्यांचे मोठे श्रेय आहे. त्यांचा जन्मदिवस ११ जुलै हा तेलंगणात अभियंता दिन म्हणून पाळला जातो. गंडीपेटचे पाणी प्यायलेला माणूस हैदराबाद सोडून जात नाही, असे आपल्याकडे गमतीने म्हणतात. तो गंडीपेटचा तलाव म्हणजेच उस्मान सागर.

घराघरातून एकच वाहिनी

विश्वेश्वरय्यांच्या कामाचा दुसरा भाग मात्र डोळ्यांना दिसत नाही. तो जमिनीखाली आहे. त्या काळी शहरातले सांडपाणी उघड्या मोऱ्यांतून वाहत जाऊन नदीत पडे. विहिरींत तेच झिरपे. रोगराईला आमंत्रणच होते ते. १९११ मध्ये शहरात प्लेगची साथ आली. विश्वेश्वरय्यांनी शहरासाठी भुयारी गटारांची योजना आखून दिली होती. प्रत्येक घरातून एक लहान नळ निघेल, तो गल्लीतल्या मोठ्या नळाला मिळेल, गल्लीतला नळ त्याहून मोठ्या वाहिनीला मिळेल आणि नदीच्या काठाकाठाने जाणाऱ्या मुख्य वाहिन्या सारा मैला नदीत न सोडता शहराबाहेर नेतील, अशी ती कल्पना होती. यात पंप कमीत कमी लागावेत म्हणून उताराचा हिशेब फार नेमका करावा लागतो. उतार कमी पडला तर गाळ साचतो. वाहिनीतून पाणी पुरेशा वेगाने वाहिले तर वाहिनी स्वतःच स्वच्छ राहते. या योजनेच्या कामासाठी १९२०च्या दशकात निजाम सरकारने त्यांना पुन्हा बोलावले. तोपर्यंत ते म्हैसूरचे दिवाण होऊन निवृत्तही झाले होते.

विद्यार्थी मित्रांनो, यामागची मूळ कल्पना समजून घ्या. प्रत्येकाने आपापली विहीर आणि आपापला शोषखड्डा सांभाळण्यापेक्षा सर्वांनी मिळून एकच व्यवस्था उभी करावी, तिचा खर्च वाटून घ्यावा आणि ती जमिनीखालून प्रत्येकाच्या दारापर्यंत न्यावी. थंड देशांत याच कल्पनेने ऊबसुद्धा वाटली जाते. अमेरिकेत लॉकपोर्ट नावाच्या गावी बर्डसिल हॉली यांनी १८७७ मध्ये एका ठिकाणी मोठा बॉयलर बसवला आणि त्याची वाफ जमिनीखालच्या नळांतून शेजारच्या घरांना पुरवली. त्यामुळे घरोघरी शेगडी पेटवण्याची, कोळसा साठवण्याची आणि आगीच्या भीतीने झोपण्याची गरज उरली नाही. १८८२ पासून न्यूयॉर्क शहराच्या मध्यभागी अशीच वाफ पुरवली जाऊ लागली आणि तेथल्या कितीतरी मोठ्या इमारती आजही तिच्यावर उबदार राहतात. इंग्रजी सिनेमांत रस्त्यातून वाफ निघताना दिसते, ती पुष्कळदा याच नळांच्या जागी.

पण अशा व्यवस्थेचा एक स्वभाव असतो. ती दिसत नाही, म्हणून तिची आठवण राहत नाही. १८ जुलै २००७ रोजी न्यूयॉर्कमध्ये १९२४ साली टाकलेला वाफेचा एक नळ फुटला. रस्त्याला प्रचंड खड्डा पडला, एक जीव गेला आणि अनेकजण जखमी झाले. नळातून साचलेले पाणी बाहेर काढणारे साधन आतून चोंदले होते, असे चौकशीत आढळले. हाताएवढ्या जागेतला अडथळा, आणि नुकसान साऱ्या रस्त्याचे.

म्हैसूरचे दिवाण

हैदराबादचे पहिले काम आटोपून नोव्हेंबर १९०९ मध्ये विश्वेश्वरय्या म्हैसूर संस्थानचे मुख्य अभियंता झाले आणि १९१२ मध्ये दिवाण. कावेरीवरचे कृष्णराजसागर धरण, म्हैसूर बँक, म्हैसूर विद्यापीठ, भद्रावतीचा लोखंडाचा कारखाना अशी किती कामे सांगावीत? शिक्षण आणि उद्योग यांशिवाय देशाची गरिबी हटणार नाही, या मताचा त्यांनी आयुष्यभर पाठपुरावा केला.

थोरांच्या चरित्रात नुसती स्तुती असू नये, असे आम्हाला वाटते. १९१८ मध्ये म्हैसूरमध्ये मागे राहिलेल्या समाजांना सरकारी नोकऱ्यांत राखीव जागा देण्याचा प्रश्न निघाला. नोकरी गुणवत्तेवरच मिळावी, असे विश्वेश्वरय्यांचे मत होते. महाराजांशी मतभेद झाले आणि त्यांनी दिवाणपद सोडले. ज्यांच्या दारात शाळाच पोचली नव्हती त्यांनी गुणवत्ता कोठून दाखवावी, हा प्रश्न त्या काळीही विचारला जात होता. या बाबतीत त्यांचे मत आज आपल्याला अपुरे वाटते. ज्याने पाणी प्रत्येक घरापर्यंत नेण्याचा विचार केला, त्याला संधीही प्रत्येक घरापर्यंत न्यावी लागते हे त्याच तीव्रतेने जाणवले नाही. मात्र मत पटले नाही तेव्हा त्यांनी पदाला चिकटून राहण्याचे नाकारले, हेही खरे.

१९५५ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले. नव्वदी ओलांडल्यावरही बिहारमध्ये गंगेवरच्या मोकामा पुलाची जागा ठरवण्यासाठी त्यांचा सल्ला घेतला गेला. वक्तशीरपणा, टापटीप पोशाख आणि प्रत्येक गोष्टीची टिपणे ठेवण्याची सवय त्यांनी अखेरपर्यंत सोडली नाही. एप्रिल १९६२ मध्ये, शंभरी पार करून, बंगळूरला त्यांचे निधन झाले.

आपण काय करायचे?

आता पुन्हा आपल्या गल्लीत येऊ या. हैदराबादची लोकसंख्या विश्वेश्वरय्यांच्या काळी पाच लाखांच्या आसपास होती, आज ती कोटीच्या घरात आहे. मांजरा, कृष्णा आणि गोदावरीचे पाणी शहरात आणावे लागले. तलाव बुजवून वस्त्या उठल्या, पाणी मुरायला आणि थांबायला जागा उरली नाही. ऑगस्ट २००० मध्ये आणि पुन्हा ऑक्टोबर २०२० मध्ये शहराने पूर अनुभवला. वरच्या तलावांच्या दुर्लक्षाचा हिशेब १९०९ मध्येच मांडून झाला होता. तो धडा आपण शंभर वर्षांत किती शिकलो, हे ज्याने त्याने ठरवावे.

मोठ्या गोष्टी सरकारने कराव्यात. पण बेगम बाजार ही घाऊक बाजारपेठ आहे आणि आपल्यातल्या अनेक कुटुंबांची येथे दुकाने आहेत. संध्याकाळी दुकान बंद करताना प्लास्टिकच्या पिशव्या, पॅकिंगच्या पट्ट्या, थर्मोकोलचे तुकडे कोठे जातात? झाडून मोरीत लोटले की आपले दुकान स्वच्छ होते. मग पहिल्या मोठ्या पावसात मॅनहोलचे झाकण उचलले जाते आणि तेच पाणी शाळेच्या फाटकाशी गुडघाभर साचते. मुले चप्पल हातात घेऊन येतात. आपण सगळे मिळून ड्रेनेज तुंबले म्हणून तक्रार करतो. ती तक्रार ऐकून जो माणूस येतो, त्याला आपण टाकलेला कचरा बाहेर काढावा लागतो. सुरक्षेच्या साधनांशिवाय कोणालाही गटारात उतरवू नये, असा कायदा २०१३ पासून आहे. तरीही देशात अशा कामात माणसे गुदमरून मरतात. आपल्या हातून सुटलेली एक पिशवी कोणाच्या जिवावर बेतू शकते, हे मुलांना शाळेत सांगायला हवे आणि घरी मोठ्यांनी ते करून दाखवायला हवे.

म्हणून विश्वस्त मंडळाला आमची नम्र सूचना आहे. दर वर्षी अभियंता दिनाला आपण विश्वेश्वरय्यांच्या फोटोला हार घालतो, ते चांगलेच आहे. त्याबरोबर २८ सप्टेंबरला वरच्या वर्गांतील मुलांना उस्मानिया इस्पितळाच्या आवारातले ते चिंचेचे झाड दाखवून आणावे. पावसाळ्याआधी एका रविवारी पालक आणि विद्यार्थ्यांनी आपल्या गल्लीतल्या दुकानांत जाऊन कचऱ्यासाठी वेगळे पोते ठेवण्याची विनंती करावी. आणि सातवी-आठवीच्या मुलांनी एक वही करावी. पाऊस कधी आला, किती वेळ पडला, कोणत्या कोपऱ्यावर पाणी किती तास साचले, याची रोजची नोंद त्या वहीत ठेवावी. वर्षअखेरीस ती वही आम्ही या वार्तापत्रात छापू.

विश्वेश्वरय्यांनीही मुसीच्या पुराची सुरुवात नोंदींपासूनच केली होती. पुढच्या वर्षी वर्गात प्रश्न विचारू तेव्हा उस्मान सागर कोणी बांधला, याबरोबरच आपल्या गल्लीतले पाणी कोठे जाते, याचेही उत्तर मुलांकडून यावे, अशी आमची इच्छा आहे.